तीन तारा, एक बिघाड आणि खुल्या नोंदींचा प्रश्न

जानेवारी २०२५ अखेर भारताची स्थापित सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. त्याच वर्षाच्या मध्यास देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा जीवाश्मेतर स्रोतांचा झाला. दोन्ही बातम्यांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र क्षमतेच्या आकड्यांवरून विजेच्या जाळ्याची अर्धीच ओळख होते. जाळे सुरळीत चालू असते तेव्हा त्याच्या स्वभावाविषयी फारसे काही कळत नाही. कुठे तरी तार तुटते, एखाद्या मनोऱ्यावर वीज कोसळते, धुक्यात इन्सुलेटरवरून ठिणगी पडते, आणि त्यानंतरच्या पहिल्या दशांश सेकंदात जाळ्याचा खरा स्वभाव उघड होतो.

या लेखातील माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. बिघाड ओळखण्याची आपली विद्या शंभर वर्षे ज्या यंत्रांच्या भरवशावर उभी होती, ती यंत्रे आता बदलत आहेत. हा बदल समजून घेण्यासाठी लागणाऱ्या नोंदी आपल्या देशात रोज तयार होतात, पण त्या विद्यार्थ्यांच्या आणि संशोधकांच्या हाती सहजी पडत नाहीत. त्या पडायला हव्यात. असे का म्हणतो हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागेल. ते अवघड नाही. उलट, बारावीपर्यंतच्या गणितातून थेट उगवणाऱ्या सुंदर कल्पनांपैकी ती एक आहे.

आपली पारेषण व्यवस्था तीन फेजची आहे. आर, वाय आणि बी या तीन तारांतील विद्युतदाब सारख्याच मापाचे असतात, पण एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असतात. सारे काही समतोल असेल तर तिन्ही प्रवाहांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य होते. अशा वेळी अभियंत्याला तीन तारांचा विचार करण्याची गरजच पडत नाही. एका तारेचे गणित मांडायचे; उरलेल्या दोन तारा तेच उत्तर १२० आणि २४० अंशांनी फिरवून देतात. तिन्ही तारा एकाच वेळी एकमेकींना चिकटल्या, तरी हा समतोल टिकतो. तो सममित बिघाड होय. पाठ्यपुस्तके तो आधी शिकवतात, कारण तो सोपा असतो.

निसर्ग मात्र सोपेपणाची पर्वा करत नाही. झाडाची फांदी एकाच तारेला टेकते, पक्ष्याचे पंख दोन तारांना जोडतात, पतंगाचा ओला मांजा एका तारेवरून मनोऱ्यापर्यंत लोंबतो. उघड्या तारांच्या वाहिन्यांवरील बिघाडांपैकी साधारण ७० ते ८० टक्के बिघाड हे एक तार आणि जमीन यांच्यातले असतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. तिन्ही तारांचा सममित बिघाड सुमारे ५ टक्के. म्हणजे ज्या बिघाडांसाठी आपले गणित सर्वांत सोयीचे, ते सर्वांत विरळ. उरलेले सारे बिघाड असममित. त्यांत एका तारेचे उत्तर इतर दोघींना लागू पडत नाही, तारांमधील परस्पर प्रेरणामुळे तिन्ही समीकरणे एकमेकांत गुंततात, आणि मोठ्या जाळ्यासाठी हाताने उत्तर काढणे अशक्यप्राय होते.

ही गाठ सोडवली चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने. कॅनडातील हडसन उपसागराच्या काठी, यॉर्क फॅक्टरी या केसाळ कातड्यांच्या व्यापारी ठाण्यावर त्याचा जन्म झाला आणि वेस्टिंगहाउस कंपनीत त्याने आयुष्यभर काम केले. १९१३ साली तो असमतोल विद्युतदाबावर चालणाऱ्या इंडक्शन मोटरचा अभ्यास करत होता. त्यातून जे निष्पन्न झाले ते त्याने २८ जून १९१८ रोजी अटलांटिक सिटी येथे अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या अधिवेशनात एका दीर्घ निबंधाच्या रूपाने मांडले. त्याचे सूत्र असे : तीन फेजमधील राशी कितीही वेड्यावाकड्या असोत, त्यांची फोड नेहमीच तीन समतोल संचांत करता येते.

पहिला संच धन अनुक्रमाचा. त्यात फेजचा क्रम आर, वाय, बी असा मूळचाच राहतो. दुसरा ऋण अनुक्रमाचा. त्यात क्रम उलटा होतो, म्हणजे आर, बी, वाय. तिसरा शून्य अनुक्रमाचा. त्यात तिन्ही राशी एकाच कोनात, एकदमच वरखाली होतात. निरोगी जाळ्यात जवळपास फक्त धन अनुक्रम असतो. ऋण अनुक्रम दिसला की समजावे, समतोल ढळला आहे. शून्य अनुक्रमाचा प्रवाह दिसला तर काही प्रवाह जमिनीतून किंवा न्यूट्रलमधून परतत आहे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रचना ओळखीची वाटेल. तीन वस्तू वर्तुळात मांडल्या आणि त्यांना एकेक घर पुढे सरकवले, तर जी सममिती दिसते तिचेच हे गणित आहे. स्फटिकातील कंपने वेगळी करताना किंवा वलयाकार रेणूच्या पातळ्या काढताना आपण हीच युक्ती वापरतो. तीन बिंदूंवरचे फूरिये रूपांतर, एवढेच ते आहे. सममितीने एकमेकांत गुंतलेली समीकरणे सुटी होतात. तीन तारांच्या एका गुंतागुंतीच्या जाळ्याऐवजी आपल्या हाती तीन साधी, स्वतंत्र जाळी येतात, आणि ती केवळ बिघाडाच्या जागी एकमेकांना जोडलेली असतात.

जोडणीची रीतही मोठी नीटस आहे. एक तार जमिनीला लागली, तर तिन्ही जाळी एकापुढे एक, म्हणजे एकसरीत जोडायची. दोन तारा एकमेकींना लागल्या, तर धन आणि ऋण जाळी समांतर जोडायची. शून्य अनुक्रमाचे तिथे कामच नाही, कारण जमिनीचा संबंध आलेला नाही. एक साधे उदाहरण घेऊ. न्यूट्रल थेट जमिनीशी जोडलेल्या एका जनित्राचे धन, ऋण आणि शून्य अनुक्रमांचे इम्पीडन्स प्रमाणित एककात अनुक्रमे ०.२, ०.२ आणि ०.१ आहेत असे धरा. तिन्ही तारांचा बिघाड झाला, तर प्रवाह १ भागिले ०.२, म्हणजे ५ एकके. एकच तार जमिनीला लागली, तर ३ भागिले ०.५, म्हणजे ६ एकके. एका तारेचा बिघाड तिन्ही तारांच्या बिघाडापेक्षा जड ठरला! पुष्कळ विद्यार्थ्यांना हे उत्तर चुकल्यासारखे वाटते. पण ते बरोबर आहे, आणि मोठ्या जनित्रांच्या न्यूट्रलमध्ये रोध बसवून जमिनीकडे जाणारा प्रवाह का आवरला जातो, याचे एक कारण त्यातच दिसते.

फोर्टेस्क्यूनंतर या विद्येला व्यवहारात रुजवणाऱ्यांत एडिथ क्लार्क यांचे नाव अग्रगण्य आहे. एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी १९१९ साली मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा १९४३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पुढील पिढ्यांच्या अभियंत्यांच्या टेबलावर राहिला. या परंपरेतूनच वाहिन्यांचे रक्षण करणारे रिले घडले. आजचा संख्यात्मक रिले बिघाड झाल्यावर काही मिलिसेकंदांत ऋण आणि शून्य अनुक्रमांचे मान व कोन काढतो. बिघाड वाहिनीच्या पुढच्या दिशेला आहे की पाठीमागे, तो कोणत्या फेजवर आहे, याचा निर्णय त्यावरून घेतला जातो. आपल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर एका तारेचा बिघाड झाला, तर फक्त तेवढीच तार उघडून सुमारे एका सेकंदाने ती पुन्हा जोडण्याची पद्धत आहे. विजेचा लोळ पडून झालेली ठिणगी तेवढ्या वेळात विझते आणि वाहिनी वाचते. हे सारे साधायचे असेल, तर बिघाड नेमका कोणत्या तारेवर आहे हे रिलेला चुकता कामा नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फोर्टेस्क्यूच्या सिद्धांताचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवून पाहिले पाहिजेत. तीन राशींची तीन संचांत फोड करता येते, हा पहिला भाग शुद्ध बीजगणित आहे. तो कधीच खोटा ठरणार नाही. दुसरा भाग असा की, प्रत्येक अनुक्रमाचे जाळे स्वतंत्र असते आणि त्यातील प्रत्येक यंत्राला त्या अनुक्रमाचा एक ठरलेला इम्पीडन्स असतो. हा भाग बीजगणिताचा नाही. तो यंत्रांच्या स्वभावाविषयीचे विधान आहे. यंत्रे रेषीय आणि सममित असतील, तरच तो खरा.

औष्णिक, जल किंवा अणुविद्युत केंद्रातील फिरते जनित्र ही अट बऱ्याच अंशी पाळते. त्याचा ऋण अनुक्रमाचा इम्पीडन्स लोखंड आणि तांबे ठरवतात. कोणी सॉफ्टवेअर बदलले म्हणून तो बदलत नाही. बिघाड झाला की जनित्र आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओतते, आणि ऋण अनुक्रमातील दाब व प्रवाह यांच्यातील कोन जवळपास ठरलेला असतो. रिलेचा दिशानिर्णय या कोनाच्या विश्वासावर चालतो.

सौर प्रकल्पातील इन्व्हर्टर वेगळ्या जातीचा आहे. त्यात फिरणारे काही नाही. अर्धवाहक स्विच आहेत आणि त्यांना हुकूम देणारे नियंत्रण आहे. स्विच जळू नयेत म्हणून प्रवाह नेहमीच्या मर्यादेपेक्षा थोडाच अधिक जाऊ दिला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असममित बिघाडात ऋण अनुक्रमाचा प्रवाह किती द्यायचा आणि कोणत्या कोनात द्यायचा, हे नियंत्रणाचा आराखडा लिहिणारा ठरवतो. अनेक आराखड्यांत तो प्रवाह मुद्दाम दाबून शून्याच्या जवळ ठेवलेला असतो, कारण समतोल प्रवाह देणे इन्व्हर्टरला सोयीचे असते. म्हणजे ज्या खुणेवरून रिले बिघाड ओळखत होता, ती खूणच पुसली जाते किंवा तिचा कोन भलतीकडे वळतो. प्रवाहाची कमाल मर्यादा गाठली की नियंत्रणाचे वर्तन अरेषीय होते, आणि ‘या यंत्राचा ऋण अनुक्रमाचा इम्पीडन्स किती’ या प्रश्नाला ठरलेले उत्तरच उरत नाही.

शून्य अनुक्रमाची स्थिती तुलनेने बरी आहे. प्रकल्पाच्या मुख्य रोहित्राची जोडणी आणि त्याचे अर्थिंग ठीक असेल, तर जमिनीच्या बिघाडात तो प्रवाह रोहित्रातूनच मिळतो. इन्व्हर्टरच्या मर्जीचा तिथे प्रश्न येत नाही. पण दोन तारांच्या बिघाडात शून्य अनुक्रम नसतोच. तिथे ऋण अनुक्रमाला पर्याय नाही. आणि बिघाडाची तार ओळखताना ऋण व शून्य अनुक्रमांच्या प्रवाहांमधील कोनाची तुलना केली जात असेल, तर त्यातील एक पारडे भरवशाचे नसले की तुलनाही भरवशाची राहत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. १६ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात ब्लू कट नावाच्या वणव्यामुळे ५०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर बिघाड झाला. रिले आणि ब्रेकर यांनी तो नेहमीप्रमाणे वेळेत दूर केला. तरीही सुमारे १२०० मेगावॅटची सौर निर्मिती गळून पडली. बिघाडाच्या वेळी विद्युतदाबाची लहर क्षणभर विस्कटली, अनेक इन्व्हर्टरांनी तिच्यावरून वारंवारतेचे चुकीचे मोजमाप केले आणि वारंवारता कोसळली असे समजून ते बंद पडले. प्रत्यक्षात वारंवारता ठीक होती. त्या घटनेचा अहवाल खुला झाला, जगभर वाचला गेला आणि त्यातून नियम बदलले.

आपल्याकडेही राजस्थानच्या सौर पट्ट्यात एका घटनेत हजार मेगावॅटहून अधिक नवीकरणीय निर्मिती सुटल्याचे प्रसंग २०२२ पासून अनेकदा घडले आहेत. ग्रिड-इंडिया आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांनी त्यांची नोंद घेतली आहे. बिघाडाच्या वेळी इन्व्हर्टरांनी जोडलेले न राहणे, बिघाड दूर झाल्यावर विद्युतदाब वाजवीपेक्षा चढणे, दाबात आंदोलने होणे, अशी कारणे त्यांत पुन्हा पुन्हा येतात. देशाच्या कमाल मागणीने ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॅटचा टप्पा गाठला होता. एवढ्या मोठ्या जाळ्याला हजार मेगावॅटचा धक्का पचतो. पण हा पट्टा वाढतो आहे, गुजरातेत खावड्याचे प्रकल्प उभे राहत आहेत, आणि पचण्याजोगा धक्का व न पचणारा धक्का यांच्यातले अंतर कमी होत जाते.

जे अंतर ओलांडले गेले तर काय होते, हे या देशाने पाहिले आहे. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे जाळे कोसळले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी १ वाजता उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी. ६० कोटींहून अधिक लोक ज्या भागात राहतात तो अंधारात गेला. सुरुवात झाली ती ४०० किलोव्होल्टची बीना-ग्वाल्हेर वाहिनी सुटल्याने. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या वाहिनीवर बिघाड नव्हताच. भार अतोनात वाढला होता, दाब खाली आला होता. दाब भागिले प्रवाह हा भागाकार इतका लहान झाला की, रिलेच्या तिसऱ्या क्षेत्राला तो दूरवरच्या बिघाडासारखा दिसला. भार आणि बिघाड यांत भेद करण्याच्या खुणा आहेत : भार बहुधा समतोल असतो, त्यात ऋण अनुक्रम नगण्य असतो, आणि त्याचा इम्पीडन्स प्रामुख्याने रोधात्मक असतो, वाहिनीवरील बिघाडाचा प्रामुख्याने प्रेरकी. तिन्ही तारांचा बिघाडही समतोल असल्याने एकट्या ऋण अनुक्रमावर विसंबता येत नाही, म्हणून कोनही पाहावा लागतो.

हा धडा आज आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकवला जातो. का? कारण चौकशी समितीचा अहवाल खुला झाला. कोणत्या क्षणी कोणती वाहिनी सुटली, दाब किती होता, कोणत्या रिलेने काय पाहिले, हे कोणालाही वाचता आले. त्यानंतर तिसऱ्या क्षेत्राच्या मांडणीचा फेरविचार झाला आणि देशभर फेजर-मापन यंत्रे बसवण्याच्या कामाला वेग आला. डिसेंबर २०१३ अखेर रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एकरूप झाले, ते या अनुभवाच्या शिदोरीवरच. खुलेपणामुळे देशाची नाचक्की झाली नाही. देश शहाणा झाला.

इथे कोणी म्हणेल, ४०० किलोव्होल्टच्या गोष्टी सामान्य माणसाला काय होत? तर ऋण अनुक्रमाला भेटायला राजस्थानात जाण्याची गरज नाही. तीन फेजच्या कृषिपंपाची एक तार तुटली किंवा फ्यूज उडाला, की मोटरमध्ये उलट्या दिशेने फिरणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. रोटर त्या क्षेत्राच्या विरुद्ध दिशेने धावत असल्यामुळे त्याच्यात वारंवारतेच्या जवळपास दुप्पट वेगाने प्रवाह उमटतात, ऋण अनुक्रमाला मोटरचा इम्पीडन्स फारच थोडा असतो, आणि थोड्याशा असमतोलाने बरीच उष्णता साचते. मोटर जळते. म्हणून शेतकरी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतो. फोर्टेस्क्यूने १९१३ साली हाती घेतलेला प्रश्न मूलतः हाच होता.

आणि शून्य अनुक्रमाचा चेहरा याहून भीषण आहे. ११ किलोव्होल्टची तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली, तर जमिनीचा रोध इतका मोठा असतो की प्रवाह काही अँपिअरच राहतो. नेहमीच्या भारापुढे तो नगण्य. अतिप्रवाहाच्या रिलेला त्यात वावगे काही दिसत नाही आणि तार जिवंतच राहते. मग सकाळी त्या बांधावरून कोणी तरी जाते. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. ते सारे मृत्यू तुटलेल्या तारांमुळे होत नाहीत. घरातील सदोष वायरिंगपासून अनेक कारणे त्यांत आहेत. पण तुटलेली तार ओळखणे हा असममित बिघाडांच्या शास्त्रातील अजून न सुटलेला प्रश्न आहे, हे खरे. काळी माती, लाल माती, मुरूम, वाळू, पावसाळ्यातील चिखल आणि मे महिन्यातील भेगाळलेले रान यांवर पडलेल्या तारेची लहर वेगवेगळी उमटते. ती लहर ओळखणारी पद्धत परदेशी प्रयोगशाळेतील नोंदींवर घडवून आपल्या शेतांत चालेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली मागणी नियमांविषयी. आपल्या जोडणीच्या तांत्रिक मानकांचा भर बिघाडाच्या वेळी प्रकल्पाने जोडलेले राहण्यावर राहिला आहे. दाब १५ टक्क्यांपर्यंत उतरला तरी ३०० मिलिसेकंद तग धरावी, अशी त्यातील अट आहे. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. तग धरताना असममित बिघाडात ऋण अनुक्रमाचा प्रवाह किती, कोणत्या कोनात आणि किती मिलिसेकंदांत द्यावा, हेही स्पष्ट आणि तपासता येण्याजोग्या शब्दांत असायला हवे. जर्मनीच्या २०१८ च्या जोडणी-नियमांत तशी तरतूद आहे आणि आयट्रिपलईच्या २०२२ साली आलेल्या २८०० क्रमांकाच्या मानकातही. आपण त्यांची नक्कल करू नये. आपल्या वाहिन्या, आपली अर्थिंगची रीत आणि आपले रिले पाहून आकडे ठरवावेत. पण ठरवावेत.

दुसरी मागणी नोंदींविषयी, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. देशातील प्रत्येक मोठ्या उपकेंद्रात बिघाडाच्या वेळची लहर नोंदवणारी यंत्रे आहेत. घटना घडल्यावर त्या नोंदी भारप्रेषण केंद्रांकडे पाठवल्या जातात. घटनांचे मासिक अहवालही प्रसिद्ध होतात आणि त्याबद्दल त्या संस्थांचे आभारच मानले पाहिजेत. पण अहवालात असते ते आलेखाचे चित्र. चित्रावरून ऋण अनुक्रमाचा कोन काढता येत नाही. त्यासाठी मूळ अंक लागतात. चांद्रयान-२ च्या उपकरणांनी पाठवलेले अंक इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर मिळू शकतात. चंद्राच्या पृष्ठभागाविषयीचे अंक जर एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीला मिळू शकतात, तर तिच्या गावाला वीज देणाऱ्या वाहिनीवरील मागच्या वर्षीच्या बिघाडाचे का मिळू नयेत?

यावर सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वीजजाळे ही राष्ट्रीय महत्त्वाची व्यवस्था आहे. तिचा नकाशा आणि रिलेच्या मांडण्या जगजाहीर करणे शहाणपणाचे नव्हे. पण बिघाडाच्या लहरीचा अभ्यास करायला उपकेंद्राचे नाव लागत नाही. नाव काढून टाकावे, वेळ पुढेमागे करावी, एक वर्ष उलटल्यावर नोंद खुली करावी. वाहिनीची लांबी, दाबाची पातळी, बिघाडाचा प्रकार आणि नजीकची निर्मिती फिरत्या जनित्राची की इन्व्हर्टरची, एवढी माहिती सोबत असली तरी पुष्कळ आहे. दुसरा आक्षेप इन्व्हर्टर बनवणाऱ्यांचा असेल : नियंत्रणाचा आराखडा हे त्यांचे व्यावसायिक गुपित आहे. ते गुपित राहू दे. आम्हाला पेटीच्या आत डोकवायचे नाही. पेटीने जाळ्यात काय ओतले ते पाहायचे आहे. जाळे सार्वजनिक आहे.

तिसरी मागणी शिक्षणाविषयी. फोर्टेस्क्यूचे रूपांतर परीक्षेत सूत्र म्हणून येते आणि सूत्र म्हणूनच विसरले जाते. ते सममितीचे गणित म्हणून शिकवले, तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही त्यात गोडी वाटेल. आणि ‘जनित्राचा ऋण अनुक्रमाचा इम्पीडन्स दिलेला आहे’ या वाक्यापाशी शिक्षकाने थांबून विचारावे : जनित्राच्या जागी इन्व्हर्टर असेल तर? या एका प्रश्नात पुढच्या दहा वर्षांचे संशोधन आहे. या क्षेत्राला अभियंत्यांइतकीच भौतिकशास्त्रज्ञांची आणि गणितज्ञांची गरज आहे, असे मी अनुभवाने सांगतो. अरेषीय प्रणाली, आंदोलने, गोंगाटात दडलेला क्षीण संकेत हे आमच्या विषयातले नित्याचे सोबती. वीजजाळ्यात ते आता नव्या वेषात आले आहेत.

याचा अर्थ सौरऊर्जा धोक्याची आहे असा कोणी घेऊ नये. उलट आहे. इन्व्हर्टरचे वर्तन सॉफ्टवेअर ठरवते, याचाच अर्थ ते सुधारता येते. फिरत्या जनित्राच्या तांब्याला आपण नवे वळण लावू शकत नाही. योग्य नियंत्रण लिहिले, तर असममित बिघाडात इन्व्हर्टर जनित्रापेक्षाही शिस्तीने वागू शकतो. गरज पडेल तिथे सिंक्रोनस कंडेन्सर बसवून खऱ्या फिरत्या यंत्राची साथ देता येते. त्याला खर्च आहे, पण तो अंधाराच्या खर्चाहून मोठा नाही. प्रश्न तंत्रज्ञानाच्या कुवतीचा नाही. काय हवे आहे हे आपण नेमके लिहितो का, आणि जे घडते आहे ते सर्वांना पाहू देतो का, एवढाच प्रश्न आहे.

विद्यार्थी वाचकांना एक सुचवतो. नियम आणि धोरण बदलायला वेळ लागेल. तोवर थांबू नका. पायथनमध्ये तीन ओळींत फोर्टेस्क्यूचे रूपांतर लिहिता येते. वर दिलेले ५ आणि ६ एककांचे उदाहरण स्वतः सोडवून पाहा. मग दोन तारांच्या बिघाडाचे उत्तर काढा, ते ४.३३ च्या आसपास येईल. त्यानंतर जनित्राच्या जागी कमाल १.२ एकके प्रवाह देणारा आणि ऋण अनुक्रम दाबून टाकणारा स्रोत ठेवा, आणि रिलेला काय दिसेल ते पाहा. ग्रिड-इंडियाचे मासिक घटना-अहवाल वाचा. ज्यांचे शिक्षण किंवा काम या क्षेत्रात आहे, त्यांनी आपली मते आणि मतभेद खाली अवश्य लिहावेत. विशेषतः नोंदी खुल्या करण्याची याहून चांगली, याहून सुरक्षित पद्धत कोणाला दिसत असेल, तर ती मला समजून घ्यायची आहे.